‘साहाय्य करतो’ हे दोन शब्द बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. श्रीमती अनेग्रेट व्हाकर,
सचिव, वेतनश्रेणी तक्रार समिती (व्यवस्थापन व कामगार संघटना, संयुक्त),
ब्रेंडलिन प्रेसयंत्रे कारखाना,
ओबरलाखिंगन.

विषय : माझ्या पदाच्या कामाच्या वर्णनातील चूक दुरुस्त होऊन पदाची फेरवर्गवारी होण्याबाबत (तिसरा अर्ज).

संदर्भ : १) आपले उत्तर, दि. ४ मार्च २०२४. २) आपले उत्तर, दि. ९ सप्टेंबर २०२४. ३) आपण श्री. ट्राउगॉट ब्यूलर यांना पाठवलेली नोटीस, दि. २१ ऑक्टोबर २०२४.

महोदया,

मी, गेरोल्ट हेफले, या कारखान्यात १९९१ पासून अभियंता असून प्रेसच्या नियंत्रण विभागात काम करतो. माझे पद अकराव्या वेतनश्रेणीत आहे. येत्या ३१ मार्चला मी निवृत्त होत आहे.

१. सन २००६ मध्ये संघटनेच्या करारानुसार नव्या श्रेण्या आल्या, तेव्हा प्रत्येकाने आपल्या कामाचे वर्णन स्वतः लिहून द्यायचे होते. प्रेसच्या सुरक्षा नियंत्रणापुढील रकान्यात ‘जबाबदार आहे’ किंवा ‘साहाय्य करतो’ यांपैकी एक लिहायचे होते, आणि त्यावरूनच श्रेणी ठरणार होती. काम मी करीत होतो. परंतु माझे वरिष्ठ श्री. ब्यूलर शेजारच्याच टेबलाशी बसलेले होते, आणि वडीलधारा माणूस शेजारी असताना आपणच जबाबदार असे लिहिणे मला शोभेना. आमच्या भागात शिव्या पडल्या नाहीत म्हणजे कौतुक झाले असे समजतात, हे आपणही इथल्याच असल्याने जाणता. मी लिहिले, ‘श्री. ब्यूलर यांना साहाय्य करतो’. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “अहो हेफले, जबाबदार लिहा की! मी काय जन्मभर बसणार आहे इथं?” मी म्हणालो, “राहू द्या हो, कागद तर आहे.” एवढाच माझा गुन्हा आहे.

२. श्री. ब्यूलर २०१० साली निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बिअरचा पेला हातात देऊन, एकोणीस वर्षांच्या अहो-जाहोनंतर, त्यांनी मला अरे-तुरे करण्याची परवानगी दिली. २०१३ मध्ये ते वारले. माझ्या पदाच्या वर्णनात मात्र मी त्यांना आजतागायत साहाय्य करीत आहे.

३. माझ्या पहिल्या अर्जावर आपण कळवले की वर्गवारी पदाची होते, माणसाची नाही. हे मान्य. दुसऱ्या अर्जावर आपण कळवले की वर्णन बदलण्यासाठी त्यात नाव असलेल्या वरिष्ठांची सही लागते. सध्याच्या विभागप्रमुख श्रीमती सेव्हिम अक्सॉय यांनी आनंदाने सही दिली. त्यांना हे काम मीच शिकवले असून त्या पंधराव्या श्रेणीत आहेत, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. सही देताना त्याच म्हणाल्या, “हेफले, तुमच्यासमोर या खुर्चीत बसायची मलाच लाज वाटते हो.” वर्णनात त्यांचे नाव नसल्याने त्यांची सही नामंजूर झाली.

४. त्यानंतर समितीने श्री. ब्यूलर यांनाच नोटीस काढली आणि पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागवला. ती त्यांच्या पत्नीच्या हाती पडली. त्यांचा मला फोन आला, “गेरोल्ट, ट्राउगॉटला कारखान्याची नोटीस आलीय रे. त्यानं खुलासा दिला नाही तर त्याचं काही म्हणणं नाही असं धरतील म्हणे. मी काय करू?” मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आलुबुखाराचा केक कापला, नोटीस दोनदा वाचून दाखवली आणि विचारले, “म्हणजे इतकी वर्षं तू अजून त्याच्याच हाताखाली आहेस?” मी केक खाल्ला, कारण नाही म्हटले असते तर त्यांना वाईट वाटले असते.

५. निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवा प्रमाणपत्र पदाच्या वर्णनावरूनच तयार होते, हे मला कार्मिक विभागात समजले. म्हणजे मी घरी जाईन तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेले असेल की हा माणूस मदतनीस होता, आणि तोही प्रामाणिकपणे प्रयत्न करणारा. अशा प्रमाणपत्रातला ‘प्रयत्न’ म्हणजे ‘जमले नाही’, हे आपल्याला सांगायला नको. महोदया, मी थकलो आहे. वरच्या श्रेणीचा मागचा फरक मी मागत नाही. ३१ मार्चपूर्वी ते दोन शब्द बदलावेत, एवढीच विनंती आहे.

६. हेही नियमात बसत नसेल, तर निदान श्रीमती ब्यूलर यांना स्मरणपत्र पाठवू नये. त्यांच्या यजमानांकडून मागवलेला खुलासा मीच देत आहे, तो नोंदवून घ्यावा : प्रेसच्या सुरक्षा नियंत्रणाचे काम गेली चौदा वर्षे मी एकट्याने केले असून त्यास मी जबाबदार आहे.

आपला,
वरील कामास जबाबदार,

(सही)
गेरोल्ट हेफले
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) २००६ च्या वर्णनाची प्रत.
२) श्रीमती अक्सॉय यांची नामंजूर सही.
३) श्री. ब्यूलर यांचा मृत्यूचा दाखला, मूळ प्रत. काम झाल्यावर श्रीमती ब्यूलर यांना साध्या पाकिटातून परत करावी. कारखान्याचा शिक्का असलेले पाकीट कृपया वापरू नये, त्या घाबरतात.