आणखी एक आठवडा

मंगळवार, ९ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाळाची सर्दी गेली हे वाचून बरं वाटलं. जावईबापूंना पंखा कमी करायला सांग. त्यांना उकडतं म्हणून बाळालाही उकडतं असं नसतं. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

खानावळ बंदच आहे. दाराला सील आहे, त्यावर कारणाचा कागद चिकटवलाय. बाबा रोज आंघोळ करून तिथवर जातात, कागद वाचतात आणि परत येतात.

तू लिहिलंयस, बाबांनी खराब कोंबडी लोकांना वाढली, समोरचे शिंपीकाका त्यातच गेले, आता बाबांचं तोंड बघणार नाही. शिंपीकाकांनी तुझे शाळेचे झगे शिवले. बायको गेल्यापासून दोन्ही वेळ आपल्याकडेच जेवायचे. तुझा राग मला कळतो. पत्र मी बाबांना दाखवलं नाही.

तपासणीला बाई आली होती, तुझ्याच वयाची. मी त्याच सकाळी तुझ्याकडून परतले होते, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. तिनं उरलेल्या कोंबडीच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावून मागं सरली. मला तर दारातच कळलं होतं. बाबा त्याच पातेल्यावर वाकले, जोरात श्वास घेतला आणि म्हणाले, "ताजी आहे, बघा की!" ती बाई माझ्याकडे बघायला लागली.

त्यांना वास येत नाही, बबडे. त्या मोठ्या तापापासून. त्यांनी कधी कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही. माल आला की मी शेजारी उभी राहायची. काही बिघडलेलं असलं की "मीठ कुठं ठेवलंत हो?" म्हणायची. ते मुकाट्यानं ते बाजूला काढायचे आणि वर सगळ्यांना सांगायचे, हिची मेली सगळीकडे लुडबूड!

मी परत निघायच्या दिवशी तू रडलीस. आणखी एक आठवडा थांब म्हणालीस. मी थांबले. त्याच आठवड्यात खानावळीतला फ्रिज रात्रभर बंद राहिला.

हे तुला सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. तुझा यात काही दोष नाही. बाळंतिणीनं आईला थांबवायचं नाही तर कुणाला? झाकून ठेवलं ते आम्ही दोघांनी, आणि त्यात एक माणूस गेला. पण तू त्यांना एकट्याला दोष देतेस ते मला सोसवत नाही. त्यांची बाजू घ्यायची तर तुला दुखवावं लागतं. मी काय करू, सांग.

तू माझ्याबरोबर पाठवलेलं बाळाचं झबलं काल त्यांनी बराच वेळ नाकाशी धरलं. मग पहिल्यांदाच म्हणाले, "मला कसलाच वास येत नाही गं." नंतर जेवले नाहीत.

आज दुपारी मी दळण घेऊन आले तर घरभर गॅस. शेगडीचं बटण उघडं, आणि हे शेजारी खुर्चीवर बसलेले. चुकून राहिलं की मुद्दाम, मी विचारलं नाही. खिडक्या उघडल्या.

बाळाला बघायला आता मला बोलावू नकोस. तू म्हणालीस तर माझा पाय निघेल, आणि तो निघता कामा नये.

तुझ्याकडे कधीच येऊ न शकणारी,
तुझी आई