एकही परीक्षानळी फुटली नाही

पातूर, एप्रिल

प्रिय माया,

तू अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस, म्हणजे आमची प्रतिस्पर्धीच. तरी हे पत्र तुलाच. तू जिथे शिकलीस, त्या आपल्या कॉलेजात येत्या जूनला विज्ञानाचे वीस प्रवेश झाले नाहीत तर संस्था ती शाखा बंद करणार आहे. प्राचार्य म्हणून मी बैठकीत एकच विचारलं: पोरी आपल्या फाटकावरून एसटीनं अकोल्याला का जातात? उत्तर कुणाकडे नव्हतं, उपाय मात्र दरवर्षीचाच तयार. बारावीचा निकाल लागला की गावोगाव फिरून पोरींच्या टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले, गोळा करायच्या. "टीसी आपल्या कपाटात, म्हंजे पोरगी आपली," रसायनशास्त्राचे भगवंतराव म्हणाले. मी कडाडलो, विद्यार्थी काय कोंडवाड्यातली गुरं आहेत? माझा आवाज तुला ठाऊक आहे; तीन कप चहा सांडला.

पण कडाडून कारण कळत नाही. म्हणून सोमवारी मीच त्या एसटीत बसलो. शेजारी बसलेल्या प्रतीक्षा नावाच्या पोरीला विचारलं, आमच्यात काय कमी आहे गं? ती आधी लाजली. मग म्हणाली, "सर, तुमचं भाषण आयकाले मी पयले येईन. पन मले प्रयोग कराचे हायेत." मागून एकीनं टोला हाणला, "तिकडं नळी फुटली त मॅडम म्हनते, दुसरी घे. तुमच्याकडं त हात बी लावू देत नाई!" अख्खी बस हसली, मीही हसलो. मॅडमचं नाव विचारलं, तर तुझं!

परतलो तो थेट प्रयोगशाळेत. भगवंतरावांनी कपाट उघडलं. आत कोऱ्या, लखलखीत नळ्या. "इतक्या वर्षांत एक बी फुटली नाई, सर." साठ्यात तूट निघाली की ती शिक्षकाच्या माथी बसते, म्हणून ते प्रयोग फळ्यावर काढतात. आणि मूल्यांकनाला आलेल्या समितीपुढे आम्ही एकही नळी न फुटणं हीच आपली जमेची बाजू म्हणून मिरवली होती! यापुढे फुटतूट कॉलेज सोसेल, असं मी तिथंच जाहीर केलं. त्यांनी एक नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "मंग मी ह्या काहून जपल्या?"

ते या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. जागेची जाहिरात रविवारी येईल. पगार तुला आहे तेवढाच. वर्षभरानं शाखा असेलच, याची हमी नाही. तू आलीस तर तिथल्या पोरींचं काय, हा प्रश्नही मला छळतो. तरी विचारतो, अर्ज करशील? टीसी अडकवून मी कुणालाही त्या बसमधून उतरवणार नाही. त्यांना आपल्या फाटकाशी आपणहून उतरावंसं वाटलं पाहिजे, आणि ते माझ्या भाषणानं होणार नाही.

तुझाच,
गावंडे सर