सार्थवाहाच्या दारातील म्हातारी

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

अपराध येथे लिहून ठेवतो. बोलण्याचे धैर्य नाही.

धाकटी नात पुण्यात संगणकावरील साहसी खेळ रचते. नव्या खेळात सातवाहनकालीन, सर्वस्वी कल्पित असे एका सार्थवाहाचे, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाचे, घर आहे — आपल्या बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर. विटांचे, दुमजली, मधोमध चौक. दारात एक म्हातारी. तिला नातीने आपल्या आजीचाच आवाज दिला! आमच्या सौ. सुभद्रेने दिवाळीत सात वाक्ये भ्रमणध्वनीत बोलून दिली. त्यांतील पहिले — "पह्यले पानी पे बापू, मंग लढजो."

भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे. मी शेरा लिहिला : 'श्रीमंत सार्थवाहाच्या दारी ही गावंढळ भाषा शोभत नाही. शिक्षित कंठाकडून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे.' आवाज कोणाचा, हे ठाऊक असताना लिहिला. आजीला सांगितले का, असे नातीने विचारले. हो म्हणालो. असत्य!

गुरुवार, ८ फेब्रुवारी

रविवारी खेळ पाहण्यास सुभद्रेने शेजारच्या सरवरीला आणि अन्नपूर्णाबाईंना बोलावले आहे. चिवडा झाला. अन्नपूर्णाबाई तिला चिडवत होत्या — आता तुम्ही हिरोईन, आमच्याशी कशाला बोलाल! ती लाजली. मी वर्तमानपत्राआड बसून राहिलो.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज सांगणार होतो. सांगितले नाही.

सातवाहनकाळी लोक प्राकृत बोलत. तेथे सुभद्रेची वऱ्हाडी नव्हती, तशी माझी मराठीही नव्हती — शेरा लिहितानाच हे मला ठाऊक होते.

रविवार, ११ फेब्रुवारी

पडद्यावर ते घर उघडले. म्हातारी बोलली — "प्रथम जलप्राशन करावे, मग युद्धास निघावे." मधुर, निर्दोष, परका आवाज.

सरवरी गोंधळली. "भाभी, हा तं तुमचा आवाज नाही लागत."

सुभद्रेने माझ्याकडे पाहिलेही नाही. "मायाच हाय वो. मशीनीत गेला का आवाज बदलते." आणि ती चिवडा वाढू लागली.

दोघी गेल्यावर कळले — नातीचा तिला कालच फोन आला होता, त्यात माझ्या शेऱ्याची गोष्ट निघाली होती. मग त्यांच्यासमोर खोटे का बोललीस, मी विचारले.

"चार लोकांत तुमाले काऊन खाली पाहाले लावू?"

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी विनविले — ती सात वाक्ये पुन्हा बोल, नातीला मी सांगतो.

तिने कप पुढे ठेवला. सेहेचाळीस वर्षांत प्रथमच माझ्या भाषेत म्हणाली, "आपण चहा घ्यावा. निवतो आहे."