कमरेवरचा तीळ

३ सप्टेंबर १९९७, बुधवार
पीसीआर यंत्र अखेर आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आलं. रक्तात जंतू असेल तर त्याच्या डीएनएच्या लाखो कॉपी काढून दाखवतं. इथे त्यातलं फक्त मला कळतं. (पुस्तिका वाचायची आहे.)
संकल्प: मेंढ्यांतला गोचीड-ताप जिल्ह्यात प्रथम मी डीएनएवरून शोधणार. मग बंगळूरच्या परिषदेत पेपर, मग बढती, रीडरची जागा. विभागप्रमुखांनी बजावलंय, पेपर नाही तर जागा नाही. बायकोला, भारतीला, बंगळुरी साडी कबूल करून टाकली.

७ सप्टेंबर, रविवार
मिरजगावजवळ भिमाजी धनगराचा कळप पाहिला. मेंढ्यांच्या कानांत, मांड्यांत गोचीडच गोचीड! आनंदाने भरून आलं. रक्त घेतलं नाही, नळ्या घरी राहिल्या. आजची फक्त पाहणी होती असं ठरवलं. पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं.
भिमाजीच्या बायकोने, बनुबाईने, भाकरी-ठेचा वाढला. मग तिथेच घोंगडीवर लवंडलो. शास्त्रज्ञाने मातीशी नातं ठेवावं.

१० सप्टेंबर
आंघोळीच्या वेळी कमरेवर नवा तीळ सापडला. आई म्हणायची, कमरेवर तीळ असणारा मोठ्या हुद्द्यावर जातो. भारती म्हणे, चाळिशीला आल्यावर तीळ उगवतात होय? उजेडात दाखवा. दाखवला नाही. बायकांना सगळ्यात शंका.

१२ सप्टेंबर
तीळ वाढतोय. हरभऱ्याएवढा झाला. जागा पक्की.

१४ सप्टेंबर, रविवार
घात झाला. मेंढ्या लख्ख! भिमाजी मोठ्या अभिमानाने सांगत होता: सायेब येनार म्हून समदी मेंढरं औषधाच्या पान्यात बुचकळली, डाक्टरकडनं सुयाबी मारून घेतल्या. पावन्याम्होरं घान जनावर उभं करायचं व्हय?
रडायचाच बाकी होतो. तरी रक्त घेतलं. जंतू चिवट असतात. मीही आहे.

१८ सप्टेंबर
अंग तापलंय, सांधे दुखतायत. उत्साहाने होतं असं. तीळ आपोआप गळून पडला, म्हणजे काम झालं असणार. भारती दवाखान्यात चला म्हणून मागे लागली आहे. वेळ कुठाय?
मेंढ्यांशी तुलनेला निरोगी रक्त हवं. आपलंच काढलं. याहून निरोगी कुठलं मिळणार?

२१ सप्टेंबर
निकाल आला. सगळ्या मेंढ्या कोऱ्या. एकाच नमुन्यात जंतू असल्याची ठसठशीत रेघ. माझ्या. यंत्र सदोष आहे.

२३ सप्टेंबर
पुन्हा केलं. तीच रेघ. वीजपुरवठा सदोष आहे.

२६ सप्टेंबर, हॉस्पिटल
चक्कर येऊन पडलो, तेव्हा भारतीने उचलून आणलं. गळून पडलेला तीळ तिने काडेपेटीत जपून ठेवला होता. डॉक्टरांना दाखवला. त्याला आठ पाय आहेत.
संध्याकाळी भिमाजी आणि बनुबाई दूध घेऊन भेटायला आले. भिमाजीला फार वाईट वाटत होतं. म्हणाला, आदी ठावं असतं तर तुमालाबी बुचकळलं असतं.

३ नोव्हेंबर
परिषदेने पेपर स्वीकारला. विभागप्रमुख स्वतः वाचणार आहेत. रीडरच्या जागेचं त्यांनी नावही काढलं नाही. लेखकांत माझं नाव शोधलं. नाही. तिसऱ्या पानावर सापडलो: रुग्ण, पुरुष, वय एकोणचाळीस, मेंढपाळाच्या घोंगडीवर झोपला होता.
फार वाईट वाटलं. भारती म्हणाली, साडी राहू द्या, पण आता तरी अंगावर काही उगवलं तर आधी मला दाखवा.
दाखवीन.