मेथीच्या लगद्याचं आभाळ

मास्तर, तुमचा तो आभाळाचा गोल आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. पृथ्वीचा गोल शाळेला नागपूरहून आला होता. आभाळाचा कोण देणार? तो तुम्हीच केलात. मोहरमचे ताजिये बनवणाऱ्या घरातले तुम्ही, कागदकाम हातातच होतं. माठावर कागद-मेथीचा लगदा थापला, वाळल्यावर दोन अर्धे कापून काढले, जोडले, वर नीळ फासली आणि चुन्यानं तारे काढले. जोडताना आत एक खडा राहून गेला. गोल फिरवला की तो खुळखुळायचा. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. तो खडा म्हणजे आपली पृथ्वी. आपन सारे आतमंदी." पोरी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

त्याच साली माझी धाकटी बहीण पटकीनं गेली होती. डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी मी विचारलं, "मास्तर, सप्तर्षी उलटे काऊन हायेत?" तुम्ही म्हणालात, "आपन आभाळ आतून पाह्यतो, पोरी. गोलावर ते बाहेरून दिसते, म्हणून उलटं." मी विचारलं, "बाहेर कोन उभं राह्यते?" "जे इथून गेले ते," तुम्ही सहज बोलून गेलात आणि फळा पुसायला लागलात. मी गोलाला कान लावला. गोलाला कोणाचा हात नव्हता, तरी आतला खडा हळूहळू सरकत माझ्या कानापाशी येत होता. मी तिथून पळालेच.

तुमची नोकरी कायम व्हायची होती, सगळं साहेबांच्या शेऱ्यावर होतं. हे आम्हा पोरींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गोल हातात घेतला आणि सप्तर्षी कोण दाखवील म्हणून विचारलं. मी उठले. "हे पाहा. पण मास्तरनं उलटे काढले." साहेबांनी निरखून पाहिलं. "खरंच की! हुशार आहे मुलगी." तुम्ही समजावून सांगायला लागलात, तर त्यांनी हात वर केला. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "पोरी, काल तुले काय सांगतलं मी, ते साहेबाले सांग." मी म्हणाले, "काहीच नाई सांगतलं." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही गोल परत घेतलात आणि कपाटात ठेवून दिलात.

महिनाभरात तुम्हाला काढलं. तुम्ही दुसरबीडकडे गेलात आणि तिथं तापानं वारलात. निरोप आला तो भर दुपारी, वर्ग चालू असताना. निरोप्या दारातच होता, तोच कुलूप लावलेल्या कपाटात खडा फिरला, एक पूर्ण फेरा. सगळ्या पोरींनी ऐकला. कपाट उघडायला कोणी पुढं झालं नाही.

आता मीही शाळेत शिकवते. आभाळाचा गोल उलटाच बरोबर असतो, हे दरसाल पोरींना सांगते. संध्याकाळी अंगणात मान वर करायला अजून नको वाटतं. वाटतं, तुम्ही पलीकडून कान लावून बसला असाल. हे पत्र टाकायचं तरी कुठं? घडी करून ट्रंकेत ठेवीन.

भ्याले म्हणून खोटं बोलले, असं मी नवऱ्याला सांगितलंय, स्वतःलाही सांगत आले. तसं नव्हतं, मास्तर. भीती आदल्या दुपारी होती. खोटं बोलले तेव्हा साहेब मला नुकतेच हुशार म्हणाले होते, आणि मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.