अप्पांना न वाचता आलेला कागद

प्रिय अप्पा,

परवा नात शाळेतून इजिप्तवरचं चित्रांचं पुस्तक घेऊन आली. त्यात एक मातीचा वाडगा होता, आतून सगळा लिहिलेला. "आजी, तिकडची माणसं मेलेल्यांना अशी पत्रं लिहायची!" मला ते ठाऊक होतं. आपल्या पुस्तकातही तसाच वाडगा होता ना? म्हणून लिहायला बसले. तुमच्यासमोर जे कधी बोलले नाही, ते आता तरी ऐका.

ते पुस्तक तुम्हीच सोलापूरहून आणलंत. आपलं मुरुम तेव्हा निजामाच्या राज्यात, शाळेत सगळं उर्दूतून, म्हणून पोरीला मराठी नीट वाचता यावं हा तुमचा हट्ट! दुकानात तुम्ही मशीन चालवायचात आणि मी पायाशी बसून मोठ्यानं वाचायचे. पिरॅमिड, मांजरतोंडी देवी, कापडात गुंडाळलेला राजा. तुम्ही विचारायचात, "शके, एवढ्याला किती वार कापड लागलं असंल गं?" शिंपी तो शिंपीच!

त्या लोकांची चित्रांची लिपी मला फार आवडली. मी माझी वेगळीच केली. तुमचा निळा खडू घेतला, कपडे बेतायच्या खाकी कागदावर घुबड, साप, डोळा, लाट असं काढलं आणि घडी करून पुस्तकात ठेवलं. कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर, हे फक्त मला ठाऊक. तुम्हाला ओळखायला लावणार होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी निजामाचे बंदूकवाले झडतीला आले. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प तेव्हा सरहद्दीपलीकडे, सोलापूरच्या बाजूला. तिकडून आलेली काडीसुद्धा संशयाची. त्यांनी पुस्तक झटकलं आणि कागद खाली पडला.

"सोलापूरची किताब, अन् आत ही असली निशाणी? कॅम्पवाल्यांची खबर हाय ही! कुणी लिहिली?"

मी मशीनखाली, शिवायला घेतलेल्या चादरीच्या आड. तुम्ही खाली पाहिलंसुद्धा नाही.

"म्याच काढलंय, साहेब. पोरीला हसवायला."

"मग वाचून दाखव. लगेच सोडतो."

अप्पा, तुम्हाला कुठून वाचता येणार? कागद उलटा धरला होतात तुम्ही! मला येत होतं. एकच ओळ होती. पण माझी दातखीळ बसली. तेवढ्यात तुमचा पाय माझ्या पायावर आला आणि दाबून राहिला. मग तो पाय उचलला गेला आणि ते तुम्हाला घेऊन गेले.

चौथ्या दिवशी परत आलात, उजवा अंगठा धोतराच्या सोग्यात लपवून. त्या हाताला पुन्हा कात्री धरता आली नाही. मशीन आईनं चालवलं. आणि आल्या आल्या काय म्हणालात? "पुस्तक हाय का गं? फुडलं पान वाच की." मी वाचलं. तेव्हा बरी वाचा फुटली मला!

पुढे राज्य बदललं. गावानं तुम्हाला कॅम्पचा माणूस ठरवून हार घातले. तुम्ही मान खाली घालून बसलात, माझं नाव काढलं नाहीत. इतकी वर्षं जगलात, पण त्या कागदात काय होतं, एकदाही विचारलं नाहीत. का नाही विचारलंत? एकदा रागावला असतात, तर मला बरं वाटलं असतं.

त्यात होतं, "अप्पा, मला झालरीचा परकर शिवा." एवढंच.

उद्या नातीला जवळ बसवून सगळं सांगणार आहे. खाकी कागदावर तीच ओळ पुन्हा काढीन आणि तुमच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचीन. या वेळी पाय दाबू नका.

तुमची,
शकू