चेंडू लागला नव्हता

रत्नागिरी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दर्शनास बाबांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझी बीपीची गोळी चालू आहे, पण चुकली की दोनदा घेतली अशी शंका येते, मग पाकीट बघत बसतो. वानरांनी यंदा एक शहाळं ठेवलं नाही. जावईबापूंची बोट आता कुठे आहे? टीव्हीवर वादळ दाखवलं की मला धडकी भरते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बाबा, ड्युटीवर आहे" म्हणतेस आणि मला न बोलायला निमित्त मिळतं. चौथी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, सांभाळून घे.

तुझ्या ऋतिकाचं बरं चाललं आहे. रविवारी, तेवीस तारखेला, जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघाची निवड आहे. गेल्या वर्षी तिकडे तिला का घेतलं नाही ते तिने मला घरापुढच्या खळ्यात काठीने रेघा मारून समजावलं. उजवा हात चांगला, डावा कच्चा. ही उजवीकडूनच जाणार हे समोरच्या मुलींना कळलं की त्या तिथेच उभ्या राहतात. तिच्या स्नेहल मॅडम म्हणाल्या, डावा हात तयार करायचा तर नुसतं मैदानात भागणार नाही. दात घासणं, बादली उचलणं, कडी काढणं, सगळं डाव्याने. म्हणून जूनपासून ही पोर उजवा हात पाठीमागे धरून फाटकापासून विहिरीपर्यंत डाव्याने चेंडू आपटत जाते. चिऱ्याच्या खळ्यात चेंडू सरळ उडत नाही, कुठेही पळतो. दोनदा विहिरीत गेला. मी ओरडतो. पण सकाळी तो आवाज आला नाही तर मला चैन पडत नाही.

गेले पंधरा दिवस तो आवाज बंद होता.

तिचं बोट सुजल्याचं तुला ठाऊक आहे. चेंडू लागला असं तिने तुला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. चेंडू लागला नव्हता.

तुळशीच्या लग्नाला शेजारपाजारची माणसं जमली होती. मी प्रसाद वाटत होतो. ऋतिकाने डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "हात बदल." ती हसून म्हणाली, "आजोबा, मॅडमनी सांगितलंय, सगळं डाव्यानेच." शेजारची हौसा म्हणाली, "आईवर गेली गो पोर!" सगळी हसली. माझ्या हातात वृंदावनाजवळच्या उसाचं कांडं होतं. ते मी तिच्या बोटांवर मारलं. जोरात मारलं.

चुरमुरे खळ्यात सांडले. तुझी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "एकीचा हात बांधलात, आता दुसरीचा मोडा."

एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. डॉक्टरांना मी दारात बोट सापडल्याचं सांगितलं. जूनमध्ये तिला इथे सोडताना तू म्हणाली होतीस, "बाबा, हिच्यावर हात उगारलात तर त्याच दिवशी घेऊन जाईन." ते पोरीने ऐकलं होतं. निवड हुकू नये म्हणून ती खोटं बोलली असेल. की माझ्यासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो तर म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही डाव्याने जेवून दाखवा."

तुझी आई म्हणाली, "ते कसले जेवतायत! उपाशी उठतील."

मी उजवा हात मांडीखाली घेतला. आमटी-भात होता. अर्धा भात लुंगीवर. कोपर कुठे न्यावं ते कळेना. घास नाकाला लागला तेव्हा ऋतिका हसली, आणि मला तू दिसलीस. पहिलीतली, डावा हात फडक्याने कमरेला बांधलेली. तुझा घास सांडायचा आणि मी म्हणायचो, मुद्दाम सांडतेस. वर्षभर म्हणालो. पाटीवर तुझी अक्षरं लोळायची, त्यालाही मारलं. बर्फाच्या कारखान्यातून दमून यायचो, असं मी मनाशी म्हणत आलो. ते खरं नाही. लोक हसतील ही भीती होती. ती अजून गेली नाही, हे तुळशीच्या लग्नाला कळलं.

तू इतकी वर्षं नर्स आहेस. इंजेक्शन कोणत्या हाताने देतेस, मला ठाऊक नाही.

परवा पट्टी काढली. आज सकाळी चेंडू पुन्हा वाजला, पण ती बोट जपते आहे ते आवाजावरून कळतं. मध्ये पाचच दिवस उरलेत. निवड झाली नाही तर ती माझ्यामुळे. तिला न्यायचं असेल तर मी आडवा येणार नाही, फक्त रविवार होऊ दे. जमलं तर तूही ये. तिला रागावू नकोस, खोटं माझं आहे. पत्र स्पीड पोस्टाने टाकतो, गुरुवारपर्यंत पोचावं. नाही पोचलं तर काय, हाही घोर आहेच.

खालची सही डाव्या हाताने केली आहे. दोनच अक्षरं, पण आधी तीन कागद खराब झाले. माझ्या बोटांवर मारायला कोणी उभं नव्हतं, तरी दर रेघेला मी मान वर करून बघत होतो.

तुझे
बाबा